मीठ, मीठा आणि मधला दुभाषी

समजा, रक्तदाब वाढलेल्या एका बाईंना डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा.’ बाईंच्या घरी उर्दू बोलतात. त्या मान डोलावतात, घरी येतात आणि त्या दिवसापासून चहात साखर घालणे बंद करतात. इफ्तारला शरबताचा पेला बाजूला ठेवतात, ईदला शीरखुर्मा नुसता जिभेला लावतात. भजी, पापड, लोणचे, चण्यांवर भुरभुरलेला चाट मसाला मात्र चालूच राहतो. महिनाभराने रक्तदाब जिथे होता तिथेच. डॉक्टरांना वाटते, बाई ऐकत नाहीत. बाईंना वाटते, इतके सोडूनही गुण नाही, म्हणजे औषधच लागू पडत नाही.

दोघांपैकी कोणी खोटे बोललेले नसते, की निष्काळजीपणाही केलेला नसतो. मराठीतले ‘मीठ’ उर्दूच्या कानाला ‘मीठा’ ऐकू येते, एवढेच. उर्दूत मिठाला नमक म्हणतात आणि मीठा म्हणजे गोड. एका काना-मात्रेच्या फरकाने पथ्य उलटे होते. आणि हे पथ्य चुकलेले कुणाच्याच कागदावर नोंदले जात नाही.

रमजानच्या महिन्यात असे घोटाळे वाढतात. जेवणाच्या वेळा बदलतात, झोपेच्या बदलतात, औषधांच्याही बदलतात. डॉक्टर ज्या भाषेत ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणतात, ती सकाळ आणि ती संध्याकाळ या महिन्यात रोजेदाराच्या घरी नसते. म्हणून रुग्णालयातल्या भाषेचा आणि रीतिरिवाजाच्या समजुतीचा प्रश्न रमजानच्या पानावर मांडणे गैर नाही. फक्त तो केवळ मुसलमानांचा प्रश्न नाही, हेही तितकेच खरे.

कल्याणच्या पुढे

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. या पट्ट्यात जितक्या भाषा एका डब्यात ऐकू येतात, तितक्याच सरकारी रुग्णालयाच्या केस पेपरच्या रांगेतही ऐकू येतात.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणी गेली, पण ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते अजून तसेच आहेत. या शहरातल्या जुन्या पिढीने सिंधी भाषा अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरांच्या लिपीत शिकली. त्यांची मुले-नातवंडे सिंधी बोलतात, पण वाचायला देवनागरी किंवा इंग्रजी घेतात. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. औषधाच्या पुडीवर मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, नंतर औद्योगिक वसाहत वाढली. कामाबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. बदलापुरात मुंबईतले भाडे न परवडणारी मराठी कुटुंबे आली, आणि त्याआधीपासून आगरी, कोळी, ठाकर, कातकरी होतेच. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या, तर आजचा आकडा किती फुगला असेल याचा अंदाज येतो.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय आणि गल्लोगल्लीचे खासगी दवाखाने ही सगळी माणसे सांभाळतात. तिथे रोज अनुवाद चाललेला असतो. तो करणाऱ्याला मात्र ते काम कुणी शिकवलेले नसते.

शब्दांचे सापळे

मीठ-मीठा हा एकच सापळा नाही. सख्ख्या भाषांमध्येच असे सापळे जास्त असतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि माणूस विचारायचे थांबतो.

मराठीत ‘जुलाब’ म्हणजे पातळ शौचाला होणे. उर्दूत जुलाब म्हणजे पोट साफ होण्याचे औषध, आणि पातळ शौचाला म्हणतात दस्त. ‘जुलाब झाले का?’ या प्रश्नाला रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण त्याने तसले औषध घेतलेलेच नसते.

‘खाली’ म्हणजे मराठीत खालच्या बाजूला, हिंदी-उर्दूत रिकामे. ‘खाली पेट दुखता है’ म्हणजे उपाशीपोटी दुखते. ऐकणारी नर्स ओटीपोटात दुखते असे लिहून घेऊ शकते. एकाचा तपास जठराकडे जातो, दुसऱ्याचा गर्भाशयाकडे किंवा मूत्राशयाकडे.

‘घाम’ मराठीत अंगाला सुटतो. अवधी-भोजपुरी बोलणाऱ्याचा घाम आकाशातून येतो. तिथे घाम म्हणजे ऊन. छातीत दुखणाऱ्या माणसाला ‘घाम आला का?’ हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो हे डॉक्टरांना माहीत आहे. उत्तर देणाऱ्याला तो हवामानाचा प्रश्न वाटला, तर?

‘घबराहट’ तर रोजची. मराठी कान ती घाबरण्याशी जोडतो. पण हिंदी-उर्दूत छातीत धडधडणे, मळमळणे, जीव कासावीस होणे या सगळ्याला घबराहट म्हणतात. मधुमेहाच्या रोजेदाराची साखर एकदम उतरली, तर तो हाच शब्द वापरण्याची शक्यता फार मोठी. ‘घाबरू नका चाचा’ असे म्हणून पाठीवर हात ठेवणारी परिचारिका प्रेमळ असते, पण त्या क्षणी चाचांना धीराआधी साखर हवी असते.

सिंधीत दुखण्याला ‘सूर’ म्हणतात. मराठी माणसाला सूर पेटीतून येतात. पण याच सिंधीत ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात. डोके दुखत असल्याचे सांगणाऱ्या सिंधी आजीचे शेवटचे क्रियापद मराठी डॉक्टरला नेमके कळते आणि नेमके दुखणेच कळत नाही.

आणि हे सापळे फक्त परभाषकांसाठी नाहीत. ‘यकृत’, ‘मूत्रपिंड’, ‘आवर्तन’ हे शब्द किती मराठी घरांत बोलले जातात? कातकरी वाडीतून आलेल्या बाईची बोली मराठीच्या जवळची आहे म्हणून तिला सगळे समजले, असे गृहीत धरले जाते. ती ‘हो’ म्हणते. त्या ‘हो’चा अर्थ ‘समजले’ असेलच असे नाही. अनेकदा तो ‘आता मला जाऊ द्या’ असा असतो.

मुलगा आईचा दुभाषी

दुभाषी नसला की घरचे माणूस पुढे होते. बहुधा शाळेत मराठी शिकलेला मुलगा किंवा मुलगी. घरात सगळ्यात हुशार, मोबाइल चालवणारे, फॉर्म भरणारे. आई काय सांगते ते तो डॉक्टरांना सांगतो, डॉक्टर काय म्हणतात ते आईला.

पण आईला अंगावरून जास्त जात असेल, तर ती बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ते कसे सांगेल? पाळी असताना रोजा नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो. पण कित्येक घरांत बायका मुलांसमोर रोजा असल्यासारख्याच वावरतात. ‘आज रोजा आहे का?’ या साध्या प्रश्नाला मुलासमोर ‘हो’ हेच उत्तर येते. डॉक्टरांच्या कागदावर उपाशी असल्याची नोंद होते, प्रत्यक्षात तसे नसते. गाठ कर्करोगाची निघाली, तर ती बातमी आईला सांगण्याचे ओझे त्या पोराच्या डोक्यावर. तो अर्धे सांगतो, अर्धे गिळतो. त्याला दोष कोण देणार?

जगात याची किंमत मोजलेली उदाहरणे आहेत. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात विली रामिरेझ या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. क्युबातून आलेल्या त्याच्या घरच्यांनी स्पॅनिशमध्ये ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते, खाण्यात काहीतरी वाईट आले. डॉक्टरांनी इंग्रजीच्या कानाने ऐकले आणि अमली पदार्थांचे प्रकरण समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे गेले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली. दुभाषी कुणी मागवला नव्हता, कारण दोन्ही बाजूंना वाटत होते की आपल्याला समजले आहे.

त्या देशात २००० साली रुग्णाच्या भाषेला आणि संस्कृतीला धरून सेवा देण्याचे राष्ट्रीय निकष तयार झाले, २०१३ मध्ये ते सुधारून पंधरा करण्यात आले. आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून वापरू नये, असा नियम २०१६ मध्ये आला. आपल्याकडे असा मुलगा केस पेपरच्या खिडकीपासून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सगळीकडे दिसतो आणि त्याचे कौतुकच होते.

रोजा आणि गोळी

रमजानमध्ये हा प्रश्न सगळ्यात टोकाला जातो तो मधुमेहाच्या रुग्णांच्या बाबतीत. २००१ साली तेरा देशांतल्या १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींचा अभ्यास झाला. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी आणि टाइप-१ असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण एरवीपेक्षा रमजानमध्ये टाइप-१मध्ये जवळपास पाचपट, तर टाइप-२मध्ये साडेसातपट आढळले. म्हणजे ‘रोजा ठेवू नका’ एवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही. माणसे रोजा ठेवतात. न सांगता ठेवतात, हे जास्त धोक्याचे.

न सांगण्यामागे भीती असते. डॉक्टर रागावतील, ‘मग माझ्याकडे कशाला आलात?’ म्हणतील. दुसरीकडे डॉक्टरांनाही भीती असते, की धर्माच्या बाबतीत बोललो तर कुणाला लागेल. दोघेही गप्प. मग रुग्ण आपल्या बुद्धीने वेळापत्रक लावतो: सकाळची गोळी सहरीला, संध्याकाळची इफ्तारला. ऐकायला सोपे. पण ज्यांचा सकाळचा डोस मोठा असतो, त्यांनी तोच डोस सहरीला घेतला, तर त्याचा जोर दिवसभराच्या उपाशी पोटावर पडतो. म्हणून अनेक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर मोठा डोस इफ्तारकडे वळवतात आणि सहरीचा कमी करतात. हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ठरवण्यासाठी आधी विचारले पाहिजे आणि सांगितले पाहिजे.

चिठ्ठीवरची ‘१-०-०’ ही खूणही तपासून पाहण्यासारखी. डावीकडून वाचणाऱ्याला ती फक्त सकाळची गोळी. ज्यांचे सगळे वाचन उर्दूत किंवा अरबी लिपीतल्या सिंधीत झाले, त्यांचा डोळा उजवीकडून सुरू होतो. सकाळची गोळी रात्री जाण्यासाठी आणखी काय लागते?

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या विषयातल्या तज्ज्ञांबरोबर मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. २०२१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी, रुग्णाची जोखीम ठरवणे, औषधांचे नवे वेळापत्रक, आणि साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा लगेच सोडणे, हा त्यांचा गाभा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने फिदया द्यावा, म्हणजे गरजूला जेवू घालावे. ही सवलत म्हणजे पळवाट नाही, हे मशिदीतल्या इमामांनी शाबान महिन्यात जुम्म्याच्या बयानात सांगितले, तर त्याचे वजन कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त पडेल.

आणि उपवास फक्त रमजानमध्ये नसतो. उल्हासनगरचा सिंधी समाज झुलेलालचा चाळीस दिवसांचा चालीहो पाळतो. नवरात्रात नऊ दिवस काही न खाणाऱ्या बाया बदलापूर-अंबरनाथच्या चाळीचाळीत आहेत. जैनांचे पर्युषण आहे, वारकऱ्यांची एकादशी आहे. ‘कॅप्सूलचे आवरण शाकाहारी आहे का?’ आणि ‘हे हलाल आहे का?’ हे दोन प्रश्न दोन वेगळ्या घरांतून येतात, पण दोघांना हवे असते ते एकच उत्तर: हे जिलेटिन कशापासून केले?

हक्क कागदावर आहे

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, हा त्यातला पहिल्याच हक्काचा भाग. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. त्याआधी, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात संमतीचा अर्थ उलगडून सांगितला होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या रुग्णाच्या आईची परवानगी घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. शुद्धीत आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या जागी, जिवाला तातडीचा धोका नसताना, नातेवाइकाची संमती चालत नाही, असे न्यायालयाने बजावले. रुग्णाला समजलेच नाही, तर खालची सही कशाची?

इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘इथे राहायचे तर मराठी शिका.’ शिकावीच. या पट्ट्यातल्या उर्दू, सिंधी घरांतली मुले मराठी शिकतातही, त्यात गुणही मिळवतात. पण कळा सुरू झालेल्या बाईला आधी व्याकरण शिकून ये असे कोणी म्हणत नाही. शिवाय हा हक्क मराठी माणसालाही तितकाच लागतो. खासगी रुग्णालयातले इंग्रजी संमतीपत्र न वाचता सही करणाऱ्यांत मराठी भाषक काही कमी नाहीत. उद्या सुरतेत किंवा बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाकडे गेलेली बदलापूरची आजी आजारी पडली, तर ती तिथली परभाषक.

प्रशिक्षण आखायचे तर

मग करायचे काय? प्रत्येक रुग्णालयात दहा भाषांचे दुभाषी नेमणे आज शक्य नाही. पण आहेत त्या माणसांना शिकवणे शक्य आहे, आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांना शिकवायचे, तर ऑनलाइन हाच सोयीचा मार्ग. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या मंचावरून आरोग्य कर्मचाऱ्यांना मोबाइलवर प्रशिक्षण दिले होते. रस्ता अनोळखी नाही.

पहिला प्रश्न: कोणाला शिकवायचे? डॉक्टर सगळ्यांत शेवटी भेटतो. त्याआधी सुरक्षारक्षक, केस पेपर काढणारा कारकून, परिचारिका, रक्त काढणारा तंत्रज्ञ भेटतात आणि नंतर औषधाच्या खिडकीवरचा फार्मासिस्ट. वॉर्डातल्या मावशी आणि मामा तर कित्येक वर्षे बिनपगारी दुभाष्याचे काम करत आले आहेत. आशा कार्यकर्ती घराच्या आत जाते, तिथे डॉक्टर कधीच पोहोचत नाही. प्रशिक्षण या सगळ्यांचे हवे.

दुसरा प्रश्न: किती वेळ? दोन तासांचे व्याख्यान आवाज बंद करून चालू ठेवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचे, हा ऑनलाइन प्रशिक्षणाचा नेहमीचा शेवट. त्याऐवजी दहा-बारा मिनिटांचे सहा धडे, कमी डेटा खाणारे, नुसते ऐकूनही समजणारे. पाळी बदलताना, लोकलमध्ये बसून ऐकता येतील असे. ज्या आशाताईंचा मोबाइल डेटा स्वतःच्या खिशातून जातो, त्यांना त्याचा खर्च द्यायला हवा. थेट संवादाचे सत्र ठेवायचे असेल, तर रमजानमध्ये ते संध्याकाळी सहा ते आठ नको. संस्कृतीचे प्रशिक्षण इफ्तारच्या वेळी ठेवणे हा त्या प्रशिक्षणाचाच पराभव.

तिसरा प्रश्न: काय शिकवायचे? पहिला धडा शब्दांच्या सापळ्यांचा. तो या तीन शहरांतल्या खऱ्या बोलण्यातून तयार करायचा, पुस्तकातून नव्हे. दुसरा, दुभाष्याबरोबर कसे बोलावे याचा: रुग्णाकडे पाहून बोलणे, एका वेळी एकच वाक्य, आणि मुलाला दुभाषी न करणे. तिसरा, परत सांगायला लावण्याचा. ‘समजले का?’ असे विचारले की जगातला प्रत्येक माणूस ‘हो’ म्हणतो. ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घ्याल, मला सांगा,’ असे विचारले की खरे काय ते बाहेर येते. चौथा, उपवास आणि औषधे यांचा, सगळ्या धर्मांच्या उपवासांना धरून. पाचवा, पडदा, स्त्री परिचारिकेची सोबत, तपासणीपूर्वी परवानगी, मृत्यूनंतरचे सोपस्कार यांचा. सहावा, ऐकण्याचा.

या ऐकण्याच्या धड्याला आधार आहे. आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले होते. रुग्णाला आपल्याला काय झाले आहे असे वाटते, ते कशामुळे झाले असे वाटते, सर्वांत जास्त भीती कशाची आहे, आणि कोणत्या उपचाराने बरे वाटेल असे वाटते. मलंगगडावर दुवा मागून आलेला किंवा अंबरनाथच्या शिवमंदिरात बेल वाहून आलेला नातेवाईक याची उत्तरे आपल्या पद्धतीने देईल. हसायचे नाही. त्या उत्तरात कधी कधी आधी घेतलेल्या जडीबुटीचा किंवा मध्येच सोडलेल्या गोळीचा पत्ता लागतो.

चौथा प्रश्न: कधी? रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे ‘दरवर्षी मार्चमध्ये’ असे वेळापत्रक चालत नाही. रजब लागला की कर्मचाऱ्यांचे धडे पूर्ण व्हावेत, शाबानमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांची तपासणी व्हावी. दोन महिन्यांचे हे गणित दिनदर्शिकेत चंद्राच्या बाजूने मांडावे लागेल. चालीहो आणि नवरात्रासाठी तेच धडे पुन्हा.

पाचवा: कळले कसे? परीक्षेतल्या गुणांवरून नव्हे. तीन महिन्यांनी औषधाच्या खिडकीजवळ उभे राहून बाहेर पडणाऱ्या रुग्णांना विचारावे, ‘ही गोळी कशी घ्यायची?’ बरोबर उत्तरे वाढली, तर प्रशिक्षण लागू पडले.

आणि केस पेपरवर दोन छोट्या चौकटी हव्यात: ‘बोलण्याची भाषा’ आणि ‘वाचण्याची लिपी’. कारण सिंधी बोलणारा देवनागरी वाचत असेल आणि उर्दू बोलणारी आजी काहीच वाचत नसेल. रोजा किंवा उपवास विचारायचा तो तोंडी, सगळ्यांना, एकाच वाक्यात: ‘सध्या कुठला उपवास किंवा रोजा चालू आहे का?’ नावावरून ओळखून ठरावीक लोकांनाच विचारले, की चौकशीची शंका येते. सगळ्यांना विचारले, की ती नुसती वैद्यकीय चौकशी राहते.

रात्री-अपरात्री उपयोगी पडेल अशी फोनवरच्या दुभाष्यांची यादीही लागेल. रुग्णालयातले, महाविद्यालयांतले, निवृत्त शिक्षकांतले दोन भाषा जाणणारे लोक तयार होतील. पण त्यांची आधी परीक्षा घ्यावी, गुप्ततेचे बंधन घालावे आणि मानधन द्यावे. मोबाइलवरचे भाषांतर ‘एक्स-रे कुठे?’ एवढ्यापुरते ठीक. शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी ते वापरू नये.

साच्यात माणूस बसत नाही

अशा प्रशिक्षणाचा एक धोका आहे. ‘मुस्लिम रुग्ण असे असतात, सिंधी रुग्ण तसे असतात’ अशी यादी पाठ करून कर्मचारी बाहेर पडला, तर न शिकलेला बरा. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरणच चुकीचे. कोकणी मुसलमानांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोकणी-मराठी बोलली जाते. त्यांच्याशी तोडक्या हिंदीत बोलणारा मराठी कर्मचारी नकळत त्यांना परके करतो. प्रत्येक मुसलमान रोजा ठेवतोच असे नाही, प्रत्येक बुरखाधारी बाईला पुरुष डॉक्टर नको असतो असे नाही. १९९८ साली मेलनी टेर्वेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी यावर उपाय सुचवला: संस्कृती ‘येते’ असे म्हणण्यापेक्षा, आपल्याला सगळे माहीत नाही हे मान्य करून विचारत राहावे. मराठीत त्याला साधा शब्द आहे, नम्रता.

२०२४ पासून अंबरनाथमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला जागा आहे आणि पहिल्याच वर्षीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषाही शिकवायची असते. अंबरनाथची स्थानिक भाषा कोणती, असे त्या विद्यार्थ्यांनी विचारले, तर उत्तर अर्थातच मराठी. पण त्या उत्तरापुढे पूर्णविराम देता येणार नाही. या महाविद्यालयाच्या मुलांना स्थानिक रुग्णालयांतल्या परिचारिका आणि मावशींबरोबर हेच सहा धडे एकत्र दिले, तर ते इथल्या मातीतले डॉक्टर होतील.

या मातीला तशी परंपरा आहे. थोडे अलीकडे, कल्याणला, ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले. पुरुष डॉक्टरांपुढे बायका बोलत नाहीत आणि बोलल्या तरी त्यांचे दुखणे पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी परदेशी जाण्यामागचे हेच कारण मांडले आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. दुखणे सांगता येईल असे माणूस समोर हवे, एवढीच त्यांची मागणी होती. ती अजून पूर्ण व्हायची आहे.

इस्लाममध्ये आजाऱ्याची विचारपूस करायला जाणे, म्हणजे इयादत, ही मोठी नेकी मानली जाते. विचारपूस या मराठी शब्दातही आधी विचारणे आहे. या रमजानमध्ये, प्रशिक्षणाची वाट न पाहता, दोन्ही बाजूंना एवढे करता येईल. रोजेदाराने डॉक्टरांना आपणहून सांगावे की रोजे चालू आहेत, आणि अवघड गोष्ट बोलायची असेल तर मुलाला बाहेर बसवून मोठ्या माणसाला सोबत न्यावे. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात देण्याआधी एकदा विचारावे, ‘घरी काय बंद करणार, सांगा बरं?’

सुरुवातीच्या त्या बाई उत्तर देतील, ‘मीठा बंद, डॉक्टरसाहेब. नमक चालू.’

तिथे दोघांनाही हसू येईल. आणि पथ्य त्या दिवशी सुरू होईल.